रेघ न ओढलेला शब्द

प्रतापनगर, बडोदे
२४ जून २०२५

प्रिय आत्या,

नमस्कार. सुखरूप पोहोचले. स्टेशनवर बाबा स्कूटर घेऊन उभे होते. व्हायोलिनची पेटी त्यांनी पुढे पायाशी घेतली, वळून माझ्याकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "बुवा काय म्हणाले?" घरी पोहोचले तर आई दारातच, "काय म्हणाले गं बुवा?"

सांगलीला सगळं तुझ्यासमोरच झालं. पण विश्वंभरबुवा इतकं हळू बोलतात की तुला निम्मं ऐकू आलं नसणार, आणि रिक्षात तुला ओरडून सांगायची मला लाज वाटली. म्हणून लिहिते. मी यमन वाजवला. त्यांनी मध्येच थांबवलं आणि म्हणाले, "हात तयार आहे. कुणी केला?" मी तुझ्याकडे बोट दाखवलं. मग त्यांनी विचारलं, "तुला काय वाजवायला आवडतं?" मी म्हटलं, "ख्याल." त्यावर म्हणाले, "हे पाठ केलेलं उत्तर आहे. दिवाळीनंतर खरं उत्तर घेऊन ये, मग शिकवायचं की नाही ते बघू."

आत्या, मी सुट्टीत मिरजेला येऊन तुझ्याकडे शिकले, मग इथे निजामपुऱ्यात सरांकडे शिकले, परीक्षा दिल्या. पण मला काय आवडतं, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

बाबांनी मला एक वर्ष दिलं आहे. बुवांनी घेतलं तर मी तुझ्याकडे राहून शिकणार. नाही घेतलं तर बँकेच्या परीक्षांचा क्लास. यात त्यांचं काही चूक नाही. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. कारखान्यातल्या सगळ्या फिटरकाकांना बाबांनी पेढे वाटले होते, आणि त्यातला प्रत्येक जण आता विचारतो, "गणपतराव, मुलगी कुठे लागली?"

मी ठरवलं आहे की घाबरायचं नाही. प्रश्न समोर आला की अभ्यास करायचा, एवढं मला बी.कॉम.ने शिकवलं आहे. एकेक प्रकार घेणार, मन लावून वाजवणार आणि स्वतःला प्रामाणिकपणे गुण देणार. ज्याला जास्त गुण ते माझं संगीत.

तुझी,
मोहना

•

मिरज
५ जुलै

चि. मोहनास आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचायला दोन दिवस लागले. गुजराती शाळेत शिकलीस ते ठीक, पण मराठी लिहिताना अक्षरांवर रेघ ओढायला काय हात दुखतो? सगळी अक्षरं बोडकी. 'म' कुठला आणि 'भ' कुठला, 'घ' कुठला आणि 'ध' कुठला, काही पत्ता लागत नाही. "घाबरायचं नाही" असं असावं, मी "धाबरायचं नाही" वाचलं आणि बराच वेळ विचार करत बसले की बडोद्यात हे काय नवीन निघालं. मधूनच एखादं अक्षर चक्क गुजराती. मी अकरावी पास बाई, तू पदवीधर. रेघ ओढत जा.

बुवांचं मनावर घेऊ नकोस. मोठ्या माणसांच्या तऱ्हा असतात. दिवाळीनंतर जा आणि ख्यालच म्हण, फक्त या वेळी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हण. आवड म्हणजे काय गं, सवयच. मी तुझ्या हातात व्हायोलिन दिलं तेव्हा तू आठ वर्षांची होतीस आणि तुला भोवऱ्याची आवड होती.

मला त्या व्हायोलिनवर बैठकीत बसून ख्याल वाजवायला मिळाला नाही. तुला मिळावा. बाकी माझं काही मागणं नाही.

फोन करू नकोस. कानांचं वय झालं, फोनमध्ये नुसती खरखर ऐकू येते. पत्र लिही. रेघा ओढून.

कौशल्याआत्या

•

प्रतापनगर, बडोदे
७ सप्टेंबर

प्रिय आत्या,

नमस्कार. हे पत्र पट्टी घेऊन लिहिते आहे, प्रत्येक शब्दावर रेघ आहे. बघ, किती संस्कारी दिसतंय.

उशीर झाला, कारण सांगण्यासारखं काही हाती लागत नव्हतं. अजूनही लागलेलं नाही, पण जे झालं ते सांगते.

आधी पाश्चात्त्य संगीत घेतलं. स्वरलिपी मिळवली, उभी राहून, हनुवटीखाली व्हायोलिन धरून वाजवलं. पंधरा दिवस. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "बिचारीला काय झालंय गं? केव्हाची रडतेय." मला वाईट वाटलं, कारण तो मुळात नाच होता. साठ गुण.

मग सिनेमातली गाणी. निजामपुऱ्यात पीयूष नावाचा एक मुलगा लग्नांसाठी ऑर्केस्ट्रा चालवतो. त्याच्याबरोबर एका संगीतसंध्येला वाजवलं. मी सगळे तुकडे तोंडपाठ करून गेले होते. कार्यक्रम संपल्यावर तो मला म्हणाला, "दीदी, थोडं हसत राहा ना. व्हायोलिन ऐकू येत नाही, पण दिसतं." बासष्ट गुण, तेही त्याच्या खरेपणाला.

गणपतीत दांडिया बाजारातल्या मंडळात नाट्यपदं झाली. गायला प्रतापसिंहराव होते. त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, आणि पदही ते फौज चालून आल्यासारखंच म्हणतात. मी तान घ्यायच्या आधीच मांडीवर थाप मारून "वाहवा!" म्हणायचे, आणि मग घ्यायला काही उरायचंच नाही. मजा आली. पासष्ट.

ख्यालाला सत्तर दिले. पण आत्या, ते येण्याचे गुण आहेत. आवडण्याचे किती, ते मला ठरवता येईना. मी एकटी वाजवायला बसते, आलाप चुकत नाही, आणि मनात सारखं चाललेलं असतं की आता काय करायचं, आता पुढे काय. वाजवून झालं की मला सुटल्यासारखं वाटतं. ज्याला एखादी गोष्ट आवडते त्याला ती संपल्यावर सुटल्यासारखं वाटतं का?

सकाळी बाबा कारखान्यात जायच्या आधी मला शिकवणीला सोडतात. मी मागे बसते, आणि डाव्या हाताची बोटं आपोआप त्यांच्या खांद्यावर चालतात. ते ओरडतात, "मोहना, टोचतंय गं! तीच कालची सरगम का?" तीच असते.

माझ्यात काही कमी आहे का? खरं सांग.

मोहना

•

मिरज
१३ सप्टेंबर

चि. मोहनास आशीर्वाद.

रेघा पाहून डोळे निवले.

तुझ्यात काही कमी नाही. तुझ्यात गुण द्यायचं खूळ जास्त आहे. ते बंद कर आणि ख्यालाला बस.

आणि एक. त्या ऑर्केस्ट्रावाल्याकडे पुन्हा पाय ठेवायचा नाही. कारण विचारू नकोस. ऐक म्हटलं की ऐकायचं.

कौशल्याआत्या

•

बडोदे
१९ सप्टेंबर

आत्या! सापडलं!

पट्टी घ्यायला वेळ नाही, माफ कर. कोमल खाली रिक्षा थांबवून ओरडते आहे आणि हे पत्र आजच पेटीत पडायला हवं. माझी कॉलेजची मैत्रीण कोमल, घडियाळी पोळात राहते, तिच्या बांनी (म्हणजे आजीने) त्यांच्या बायकांच्या मंडळात मला वाजवायला बोलावलं. गेले आठ दिवस रोज तालमीला जाते आहे. नवरात्राचे नऊही दिवस त्यांच्याबरोबर वाजवणार. बेठा गरबा! मला गुण द्यायची आठवणसुद्धा झाली नाही. बुवांना हेच उत्तर देणार. बेठा गरबा वाजवायला मला आवडतं!

सविस्तर नवरात्रानंतर. आले गं, आले, कोमल!

मोहना

•

मिरज
२६ सप्टेंबर

मोहना,

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही.

मोठा गरबा. मोठा गरबा, मोठा गरबा, दोनदा लिहिलं आहेस, वर उद्गारचिन्ह. नऊ रात्री मैदानात, हजारो माणसं, भिंतीएवढे भोंगे, आणि त्यात माझं व्हायोलिन. तू मला पट्टीने रेघा ओढून दाखवतेस आणि करतेस हे.

कारण विचारू नकोस म्हटलं होतं. आता सांगते. माझ्या कानांचं वय झालेलं नाही. माझ्याहून मोठी माझी जाऊ भिंतीपलीकडचं कुजबुजणं ऐकते. मी लग्नांच्या, जत्रांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायची. पंधरा वर्षं. डाव्या कानाशी व्हायोलिन, उजव्या कानाशी भोंगा. घरी आलं की कानात रात्रभर शिट्टी वाजायची, सकाळी थांबायची. एका सकाळी थांबली नाही. मग उजवा कान गेला, डावाही निम्माच राहिला. मला आता षड्ज ऐकू येतो तो हनुवटीच्या हाडातून. कुणाला सांगितलं नाही, कारण व्हायोलिन वाजवणाऱ्या बाईला ऐकू येत नाही असं कळलं असतं तर शिकवण्या गेल्या असत्या.

म्हणून मी तुला ख्याल ख्याल करत होते. ख्याल शांत खोलीत वाजतो. तिथे तुझे कान म्हातारपणापर्यंत टिकतील एवढाच माझा हिशेब.

तुला मोठ्या गरब्यातच सुख असेल तर तुझं तू बघ. माझं व्हायोलिन मात्र पेटीत घाल आणि दिवाळीनंतर परत आणून दे. बुवांना मी कळवते.

कौशल्या

•

प्रतापनगर, बडोदे
३ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

नमस्कार. तुझं पत्र अष्टमीला मिळालं. त्या संध्याकाळी वाजवायला गेले नाही. कानात बोळे घालून बसले आणि तुला कसं ऐकू येत असेल ते बघत राहिले. आई काही तरी विचारत होती, मला तिचे नुसते ओठ दिसत होते. आत्या, हे तू मला आधी का नाही सांगितलंस? मी मिरजेला असताना तुझ्या उजव्या बाजूला बसून बडबडायची आणि तू उत्तर दिलं नाहीस की मला वाटायचं, आत्याला माझा कंटाळा आला.

व्हायोलिन परत आणते. ते तुझंच आहे. कापूर घालून, तारा सैल करून पेटीत ठेवलं आहे. पण तू बुवांना अजून काही कळवलं नसशील तर दोन गोष्टी ऐकून घे.

पहिली. जूनमध्ये मी तुझ्यापासून एक लपवलं. "हे पाठ केलेलं उत्तर आहे" असं बुवा म्हणालेच नव्हते. ते म्हणाले, "हे तुझ्या आत्याचं उत्तर झालं. आता तुझं सांग." तुला लागेल म्हणून मी शब्द बदलले. म्हणून दिवाळीनंतर त्यांना पुन्हा ख्याल म्हणून सांगणं मला जमणार नाही. त्यांनी घेतलं नाही तर बँकेची परीक्षा देईन, पण खोटं सांगून आत जाणार नाही.

दुसरी. तू मला "मोठा गरबा" म्हणून टोमणे मारलेस. ते मी सोसते, तू रागावली होतीस. पण त्या बिचाऱ्या बायकांना तरी असं म्हणू नकोस. मोठा कसला आत्या, तो एका खोलीत मावतो! कोमलच्या बांच्या दिवाणखान्यात सतरंजी घालतात. मध्ये दिवा ठेवलेला छिद्रांचा घडा, आणि भोवती बायका मांडी घालून गुडघ्याला गुडघा लावून बसतात. कुणी उठत नाही, कुणी नाचत नाही. बसून गायचा गरबा. एक बाई ओळ म्हणते, बाकीच्या उचलतात, आणि टाळी इतकी हलकी की बांगड्यांचाच आवाज जास्त. माइक नाही. शेजारची गाय हंबरली की ती ऐकू येते. गरबे जुने, रागांत बांधलेले, आणि चाल इतकी संथ की एका ओळीत एखादीची पोळी भाजून होईल.

मला बोलावलं ते पेटीमुळे. त्यांच्या हार्मोनियमचा भाता उंदराने कुरतडला. बा म्हणाल्या, कोमलची ती मराठी बेनपणी (मैत्रीण) काही तरी वाजवते ना, तिला सूर धरायला बोलवा. मी गेले आणि मोठ्या अभ्यासूपणाने प्रत्येक ओळीवर ताना घेऊ लागले. बांनी गाणं थांबवलं. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हळवे वगाड, दीकरी. आपणे क्यां भागवुं छे?" हळू वाजव, पोरी, आपल्याला कुठे पळायचंय? पलीकडची एक काकी म्हणाली, "बँकेची परीक्षा आहे वाटतं हिची," आणि सगळ्या हसल्या. मीही.

मग आठवडाभर मी नुसता सूर धरून ऐकत बसले. ओळ संपते, दुसरी सुरू व्हायच्या आधी त्या सगळ्या एकदम श्वास घेतात. तेवढीच जागा असते. शेवटी एका संध्याकाळी त्या जागेत मी एक मींड घेतली, गेलेल्या ओळीकडून येणाऱ्या ओळीकडे जाणारी. कुणी "वाहवा" म्हटलं नाही. पण पुढची ओळ त्यांनी माझ्या सुरावरूनच उचलली. आत्या, मी आठ वर्षांची असल्यापासून वाजवते आहे, आणि माझ्या सुरावर कुणी तरी पाऊल ठेवून पुढे गेलं हे पहिल्यांदा झालं. आता पुढे काय, हा प्रश्न मनात आलाच नाही. पुढे काय ते त्या सांगणार होत्या, मला फक्त ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून जाताना बाबा विचारायला लागले, "आज टोचलं नाही गं. काय होतं ते?" मला आठवेना. बोटांना विचारलं तर ती अजून चालतच होती. गरबा होता. त्याच दिवशी मी तुला ते घाईचं पत्र लिहिलं.

एवढंच. दिवाळीनंतर व्हायोलिन घेऊन येते.

तुझीच,
मोहना

•

मिरज
९ ऑक्टोबर

चि. मोहना, माझ्या बाळा,

तुझं पत्र मिळालं आणि मी आधी जुनं पत्र शोधायला उठले. गव्हाच्या डब्याखाली दडपून ठेवलं होतं, रागाने. ते काढलं, चष्मा लावला, खिडकीत गेले, वरून भिंग धरलं.

अगं, 'मोठा' नाही ते. 'बेठा' आहे!

घाईत तू 'ब' गुजराती काढलास. त्याला खाली शेपटी असते ती मला काना वाटली, वरची मात्रा होतीच, आणि रेघ तर तुझ्या बापजन्मात नाही. 'बे'चा मी सरळ 'मो' केला. दोन्ही ठिकाणी. बेठा म्हणजे बसलेला, हे आता तुझं दुसरं पत्र वाचल्यावर कळतंय. गरबा बसून करतात हे मिरजेत कुणाला स्वप्नात तरी आलं असतं का?

जावेला सांगितलं तर ती पोट धरून हसली. म्हणाली, "वन्सं, तुम्हाला कानांनी ऐकू येत नाही ते माहीत होतं, आता डोळ्यांनीही दिसेना का?" ती मला मुद्दाम वन्सं म्हणते, चिडवायला. मीही हसले. मग आत जाऊन जरा रडले. मैदान नाही, भोंगा नाही, पोरीचे कान शाबूत आहेत. दोन आठवडे छातीवर कुणी तरी बसलं होतं ते उठलं.

बुवांना मी काही कळवलेलं नाही. पत्र लिहून ठेवलं होतं, तिकीट लावायचं होत नव्हतं. ते आत्ताच बंबात घातलं, पाणी छान तापलं.

तारा लगेच चढव. सैल ठेवलेल्या तारांचं व्हायोलिन म्हणजे न जेवलेलं माणूस. वाजव, आणि ये.

आणि आत्याचं उत्तर म्हणालीस ते लागलं, पण बरोबर जागी लागलं. ख्याल मलाच हवा होता. तुझ्यासाठी हवा होता असं मी म्हणते, पण थोडा मलाही.

तुझी मूर्ख आत्या

•

मिरज
९ नोव्हेंबर

चि. मोहनास आशीर्वाद.

तू परवा गाडीत बसलीस ते रडवेलं तोंड करून. तुझा बेठा गरबा ऐकून बुवा नुसतं "बरं" म्हणाले, चहा दिला, "कळवतो" म्हणाले, आणि तू प्रवासभर त्या "बरं"चा अर्थ लावत बसली असशील. मी तुला ओळखते. गुण दिलेस का स्वतःला?

आता ऐक. काल दुपारी मी पापड वाळत घालत होते. मागून कुणी तरी खांदा हलवला. बघते तर विश्वंभरबुवा! सांगलीहून बसने आलेले, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. काही तरी बोलले. मी म्हटलं, "काय?" पुन्हा बोलले. मी म्हटलं, "बुवा, डावीकडून." तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या डाव्या कानाशी तोंड आणलं आणि ओरडले, "घेतली! तुमच्या पोरीला घेतली!"

मोहना, विश्वंभरबुवा ओरडले. सांगलीत कुणाला सांगून पटणार नाही. शेजारच्या गच्चीवरची माणसं वाकून बघायला लागली, त्यांना वाटलं कुणी तरी काही तरी चोरलं.

मग बसले, पाणी प्यायले. म्हणाले, तिने वाजवायला सुरुवात केली तेव्हा मला कळेना की ही मध्ये मध्ये थांबते का. म्हणून विचारलं, गाणं कुठे आहे? तर पोरीने स्वतः गायला सुरुवात केली. आवाज चांगला नाही (हे त्यांचं मत, माझंही तेच), पण गाता गाता श्वास घेतला आणि तेवढ्यात हात चालला. तेव्हा कळलं की ही ऐकते. हात मी कुणाचाही तयार करून देईन, पण ऐकायला शिकवता येत नाही, ते घेऊन यावं लागतं. ते तिच्याकडे आहे. ज्या रागांत त्या बायका बसल्यात, त्यांच्या दारात ही अजून उभी आहे. तिला आत न्यायचं काम माझं.

मी विचारलं, म्हणजे ख्याल शिकवणार ना? हसले. म्हणाले, "सगळं शिकवीन. पण नवरात्रात तिला नऊ दिवस सुट्टी. घेतली नाही तर नाव काढून टाकीन."

तू आलीस त्या संध्याकाळची गोष्ट मी त्यांना सांगितली नाही, ती आपली. तुझ्या बाबांच्या खांद्यावर वाजवतेस तसं माझ्या मनगटावर वाजव म्हटलं, आणि तू वाजवलंस. मला वाटलं होतं, बोटांवरून राग ओळखावा. ओळखला नाही. मध्येच तुझी बोटं थांबायची आणि मनगटावर नुसता तुझा हात राहायचा, तिथे त्या बायका श्वास घेत असणार. मी पण घ्यायला लागले.

जानेवारीत ये. आतली खोली रिकामी केली आहे. बापाला सांग, खांदा आता मोकळा.

कौशल्याआत्या

•

प्रतापनगर, बडोदे
१६ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

नमस्कार. रेघा ओढल्या आहेत, बघ.

तुझं पत्र बाबांनीच जिन्यात फोडलं, त्यांना धीर धरवेना. वाचता वाचता "घेतली" पाशी आले आणि तिथेच पायरीवर बसले. आईने विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "लागली." आई म्हणाली, "काय लागलं? कुठे लागलं?" मग मी त्यांच्या हातून कागद घेऊन मोठ्याने वाचला. आई तिसऱ्या ओळीलाच कढई उतरवायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी बाबांनी कारखान्यात पेढे वाटले. कुणी विचारलं, कोणत्या बँकेत? बाबा म्हणाले, "सांगलीला, व्हायोलिनला," आणि पुढचा प्रश्न यायच्या आत पेढा त्याच्या तोंडात घातला. खांदा मोकळा होणार म्हणून मात्र ते मुळीच खूश नाहीत. रोज सकाळी म्हणतात, "अजून दोन महिने आहेत, टोच."

मी आता गुण देत नाही. काल सहज ख्यालाला बसले आणि आलापात एका जागी थांबले, कुणी तरी श्वास घेत असल्यासारखी. पुढचा सूर आपोआप आला. ख्यालसुद्धा आवडेल मला, असं वाटतं. घाई नाही.

संध्याकाळी घडियाळी पोळात जाऊन बांना सगळं सांगितलं. 'बेठा'चा 'मोठा' कसा झाला तेही सांगितलं. कोमल हसून हसून सतरंजीवर आडवी झाली. बा हसल्या नाहीत. त्यांनी दिव्याची वात सारखी केली आणि म्हणाल्या, "तारी फोईए बरोबर ज वांच्युं. मोटो ज छे. एक वार आवीने बेसे तो खबर पडे." तुझ्या आत्याने बरोबरच वाचलं. मोठाच आहे. एकदा येऊन बसली की कळेल.

तर पुढच्या नवरात्रात मला नऊ दिवस सुट्टी आहे. तुझंही तिकीट काढते. माइक नाही. सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं.

मी तुझ्या डाव्या बाजूला बसेन.

तुझी,
मोहना